मी सांगेपर्यंत

आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ज्यांना एकट्याने राहणं जमत नाही, अशांना सोयीचं घर मिळवून देणं हे आमचं काम. आणि त्या कामासाठी आम्हाला जागा मिळाली ती हा असला अरुंद जिना चढून. लिफ्ट आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ती बंद होती आणि मी निवृत्त होईन तेव्हाही बंदच असेल, याची मला खात्री आहे. त्यामुळे चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांना मी खाली फुटपाथवर भेटते, किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीशेजारी. त्याने माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं आहे. "बाई, किल्ल्या माझ्याकडे तयार आहेत, फक्त तेवढी घरं आणा," असं तो जाता-येता म्हणतो. मी हसते, कारण न हसून करणार काय.

दिवसभर मी घरमालकांना फोन करते. ही माणसं वाईट नसतात, हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "आमचं काही म्हणणं नाही हो, पण बाकीच्यांना चालायला हवं ना," असं ते म्हणतात. हे बाकीचे मला आजवर एकदाही भेटलेले नाहीत. "एकच तर पायरी आहे," असंही म्हणतात. खुर्चीतल्या माणसाला एक पायरी म्हणजे भिंतच, हे मी इतक्यांदा समजावलंय की आता झोपेतही बडबडत असेन. शेवटी कुणाला तरी काहीतरी मिळतं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि आम्ही फाइल बंद करतो.

मंत्र्याची फाइल अशीच बंद झाली.

मंत्री म्हणजे खरा मंत्री नव्हे. शेहेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला आणि मनाने सहा-सात वर्षांचा असलेला माणूस. रस्त्यात दिसेल त्याला तो उजवा हात उंच करून दाखवायचा, जणू काही नुकताच निवडून आलाय. म्हणून गल्लीने त्याला मंत्री केलं होतं, आणि ती पदवी त्याला इतकी आवडली होती की खऱ्या नावाने हाक मारली तर तो ढुंकूनही बघायचा नाही. फक्त आई त्याला बाळा म्हणायची. तिला ती सवलत होती.

ती दोघं पहिल्यांदा आली तेव्हा मावशी, म्हणजे त्याची आई, जिना चढून आल्या आणि खुर्चीत बसल्यावर बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. बारीक चणीच्या, ऐंशीला टेकलेल्या. मी म्हटलं, "मावशी, खाली थांबायचं ना, मी आले असते."

"मला पाय आहेत अजून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा धापा टाकायला लागल्या.

मंत्र्याने तोवर आमच्या कोपऱ्यातली छोटी शेगडी हेरली होती. "चहा करू?" त्याने विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने बाह्या दुमडल्या. पाणी मोजून घातलं, साखर घातली, पावडर घातली, दूध ओतलं, सगळं कसं नेटकं, जीभ थोडी बाहेर काढून. दूध वर आलं तरी तो त्याच्याकडे बघतच राहिला. तेव्हा मावशींनी टेबलावर नखाने दोनदा टकटक केली. न बघता, माझ्याशी बोलता बोलता. त्याने लगेच बटण फिरवून गॅस बंद केला. मी सोडून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या लक्षात आलं, कारण अशाच गोष्टी बघण्याचा मला पगार मिळतो.

चहा मात्र फर्मास होता. आमच्या साहेबांनी दुसरा कप मागितला तेव्हा मंत्र्याने हात उंच करून दाखवला.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंय. आता मोठं काही करण्यासारखं नाही म्हणे. माझं काय, मी माझं सगळं आवरलंय. ह्याचं आवरायचं राहिलंय."

भाड्याचं घर त्यांच्या नावावर होतं आणि मालकाने, अगदी सभ्यपणे, त्यांच्यामागे ते परत घेणार असल्याचं सांगितलं होतं. एक मुलगी होती, मंत्र्याची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी. दोन खोल्यांचं घर आणि बाहेरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू.

"तिला विचारलंत का?" मी म्हटलं.

"ती हो म्हणेल हो. म्हणूनच तिला विचारायचं नाही."

त्या दिवशी माझ्याकडे खरंच एक जागा होती. असं क्वचित होतं, वर्षातून एखाद वेळी. आम्ही त्याला चौघांचं घर म्हणतो. तळमजला, चार खोल्या, मंत्र्यासारखी चार माणसं. एक बाई दिवसभर असतात आणि रात्री तिथेच झोपतात. सगळे त्यांना वहिनी म्हणतात. ज्याला जे येतं ते तो करतो, जे येत नाही तिथे वहिनी असतात. चौथी खोली नुकतीच रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली हे मावशींनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी दोघांना ते घर दाखवायला नेलं. खोली लहान होती, पण खिडकी रस्त्यावर उघडत होती आणि समोरच बसस्टॉप होता. मंत्री खिडकीशी गेला, स्टॉपवरच्या लोकांना त्याने हात दाखवला आणि त्यातल्या एका शाळकरी पोरीने उलट हात हलवला. झालं, पठ्ठ्या तिथून हलेना. राहणाऱ्या तिघांपैकी एक सारखा सगळ्यांना किती वाजले विचारायचा. त्याने मंत्र्यालाही विचारलं. मंत्र्याला घड्याळ कळत नव्हतं. तो म्हणाला, "चहाची वेळ झाली." आणि स्वयंपाकघर शोधायला निघाला.

वहिनी हसायला लागल्या. "येऊ देत हो ह्यांना. मला सकाळचा चहा आयता मिळेल."

परतताना मावशी गाडीत खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "उन्हं येतात खोलीत." एवढंच. पण त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि मला वाटलं, या खेपेला जमेल. मला असं वाटायला नको होतं.

कारण घर मिळण्याआधी पाहणी असते. वरच्या कार्यालयातून एक अधिकारी घरी येतो, माणसाला काय येतं आणि काय येत नाही ते बघतो, आणि तीनपैकी एका रकान्यात खूण करतो. एकटा राहू शकतो. थोडी मदत लागते. पूर्ण मदत लागते. चौघांचं घर फक्त मधल्या रकान्याला मिळतं. मधला रकाना सगळ्यात अवघड, कारण आलेल्या पाहुण्यापुढे माणूस एकतर शहाण्यासारखा वागतो नाहीतर पार गांगरतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, आजही तेच सांगते. तेच मावशींनाही सांगितलं.

"मावशी, त्याला आहे तसा राहू द्या. नटवू नका, पढवू नका. त्याचा वाईट दिवसही पाहणीच्या साहेबांना सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही अश्लील बोलले होते. "वाईट दिवस काय पाहुण्यांना दाखवायचे असतात?"

वाईट दिवस होते. त्यांनीच मला सांगितले होते, तेही दार लावून घेऊन. खालच्या मजल्यावर जोरात भांडण झालं की मंत्री बाथरूममध्ये कडी लावून बसायचा आणि तासन्‌तास उघडायचा नाही. एकदा सुतार बोलावून दार कापावं लागलं होतं. कधी मनात आलं की येईल त्या बसमध्ये चढायचा आणि सगळ्यांना हात दाखवत शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचा, मग तिथे रडत बसायचा. गॅस पेटवायचा त्याला येत होतं. बंद करायचा आईला येत होतं.

पण चाळीसहून जास्त वर्षं ह्या बाईने एकच काम केलं होतं. कुणी घरी आलं की मुलाचं तोंड धुवायचं, भांग पाडायचा, नीट शर्ट घालायचा आणि तो किती शहाणा आहे ते दाखवायचं. येणारे बघत आणि हळहळत. ती हळहळ त्यांना सहन व्हायची नाही. मला हे समजत होतं, पण समजून काही उपयोग नव्हता.

पाहणीला मी हजर होते. अधिकारी तरुण होता, मृदू बोलणारा, आल्याआल्या त्याने मावशींच्या तब्येतीची चौकशी केली. मंत्री दारात उभा होता तो इस्त्रीच्या शर्टात, वरपर्यंत बटणं लावून, केसांना, म्हणजे उरलेल्या केसांना, तेल लावून. मी कपाळावर हात मारून घ्यायची बाकी राहिले.

त्याने स्वतःचं नाव सांगितलं. खरं नाव! पत्ता सांगितला, फोन नंबर सांगितला. आठवडाभर घोकून घेतलं असणार.

"रात्री एकटा राहशील का रे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो. मी मोठा आहे."

"आणि आग लागली तर?"

"बाहेर जायचं. शेजाऱ्यांना सांगायचं."

मग चहा. पाणी, साखर, पावडर, दूध. मावशी खुर्चीत बसून अधिकाऱ्याला मुलीच्या घरची हकिगत सांगत होत्या. दूध वर आलं. खुर्चीच्या हातावर नखाने दोनदा टकटक. मंत्र्याने गॅस बंद केला, कप भरले, ट्रेमध्ये ठेवले आणि एक थेंब न सांडता आणले. अधिकारी अगदी मनापासून म्हणाला, "वा!" मंत्र्याचा हात वर गेला.

जिन्यात मी अधिकाऱ्याला गाठलं. "साहेब, ती टकटक ऐकलीत? गॅस आईने बंद करवला. आणि बाथरूमचं मी तुम्हाला सांगते."

"तुम्ही सांगाल हो, पण मी जे बघितलं तेच लिहिणार ना," तो म्हणाला. "आईंना विचारलं मी, काही त्रास होतो का. त्या म्हणाल्या, अजिबात नाही." तो खोटं बोलत नव्हता.

पहिला रकाना. एकटा राहू शकतो.

निकाल मी स्वतः जाऊन सांगितला. मावशींनी दार उघडलं त्याच आनंदात. "कसा केला त्याने! साहेब वा म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही?"

मी त्यांना समजावून सांगितलं. तो पास झाला म्हणून खोली गेली. आता त्याला फार तर एखादी एकट्याची खोली मिळेल, कुठेतरी चौथ्या मजल्यावर, आणि टकटक करायला तिथे कुणी नसेल. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावरचं हसू जायला बराच वेळ लागला, कारण त्यांना ते पटतच नव्हतं. मग त्या खाली बसल्या.

"म्हणजे मी त्याला वाईट दाखवायला हवा होता."

"खरा दाखवायला हवा होता, मावशी."

"हाच खरा आहे," त्या एकदम चिडून म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत, ह्याला एक बटण लावायला शिकवायला मला किती वर्षं लागली ते?"

मला खरंच माहीत नव्हतं.

फेरपाहणी मागता येते, एकदाच. मी ती मागितली. वहिनींना फोन करून गयावया केली आणि त्यांनी, वरच्यांचा ओरडा खाऊन, खोली अडवून धरली. मावशींना मी पुन्हा सांगितलं की फक्त टकटक करू नका, बाकी काही करू नका. दूध उतू जाऊ द्या. तेवढं पुरे आहे.

पण त्या आमच्या ऑफिसात बाकावर बसून होत्या तेव्हा शेजारी बसलेल्या कुणा आईने त्यांना आणखी ज्ञान दिलं. हे साहेब लोक नंतर न सांगताही येतात, अचानक, म्हणून निकालाचं पत्र हातात पडेपर्यंत सोंग सोडायचं नाही. असं काही नसतं. पण बाकावरचं ज्ञान आमच्या ज्ञानापेक्षा नेहमीच पक्कं असतं, आणि मावशींनी आता एकही चूक करायची नाही असं मनाशी ठरवलं होतं.

फेरपाहणीच्या दिवशी मी आत शिरले आणि दारातच थांबले. मंत्री पलंगाच्या कडेला बसला होता. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, छातीवर आमटीसारखा काहीतरी पिवळा डाग, केस विस्कटलेले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मला बघून त्याचा उजवा हात निघाला, अर्ध्यात थांबला, आणि तो आईकडे बघून पुन्हा हातावर बसला.

"मावशी, हे काय?" मी कुजबुजले.

"मी त्याला सांगितलंय. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. कशालाच." त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "माझं ऐकतो तो. एवढं एक आहे."

तोच तरुण अधिकारी आला. त्याने नाव विचारलं. मंत्री आईकडे बघत राहिला. पत्ता विचारला, तो आईकडे बघत राहिला. "आज चहा नाही का करणार?" अधिकाऱ्याने हसून विचारलं, आणि मी बघितलं, मंत्र्याचं सगळं अंग ओट्याकडे झुकलं. पण हात निघाले नाहीत. मावशी स्वतः उठल्या. त्यांनी पाणी ठेवलं, साखर सांडली, दूध घातलं. दूध वर आलं. मावशींनी मुद्दामच तिकडे पाठ केली. ते उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं, जळका वास सुटला, आणि मंत्री अर्धवट उठला.

"बस!" मावशी म्हणाल्या.

त्या आवाजात त्यांनी त्याला कधी हाक मारली नसणार. तो बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायलाही त्याने हात काढले नाहीत. अधिकाऱ्याने मान खाली घालून लिहिलं. मला त्या क्षणी माझ्या नोकरीची, त्या तीन रकान्यांची आणि त्या जळक्या दुधाची इतकी किळस आली की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. काही बोलले असते तर पुन्हा पहिला रकाना झाला असता. नाही बोलले. बोलले असते तरी काय, हा आजही मला प्रश्न पडतो.

निकाल यायचा होता तेव्हाच मावशींना दवाखान्यात नेलं. शेजाऱ्यांनी फोन केला. मी गेले तेव्हा तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले. मंत्री खाली जमिनीवर, पलंगाच्या पायाशी बसला होता, हात मांड्यांखाली. मला वाटलं, भेदरलाय बिचारा. त्याची बहीण दुपारपर्यंत पोचली. त्याच आठवड्यात मावशी गेल्या. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

निकालाचं पत्र नंतर आलं. तिसरा रकाना. पूर्ण मदत लागते.

मी धावत आमच्या साहेबांकडे गेले. ते चांगले आहेत, त्यांनी वर फोन केला, आवाज चढवला, मग ऐकत राहिले आणि फोन ठेवला. "चौघांच्या घरात रात्री जागं कुणी नसतं," ते म्हणाले. "पूर्ण मदतीचा माणूस तिथे ठेवता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या पाहणीत तो एकटा राहू शकत होता, दुसरीत काहीच करू शकत नाही, म्हणजे झपाट्याने बिघडतोय."

"तो बिघडलेला नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? फेरपाहणी झाली ना एकदा."

वहिनींनी खोली आणखी थोडे दिवस धरून ठेवली असती, पण तिसऱ्या रकान्यापुढे त्यांचंही काही चाललं नाही. तिथे दुसरा कुणीतरी आला. तोही गरजू होता, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. बहीण माझ्यासमोर बसून खूप रडली. घरी नेते म्हणाली, आणि मग फोनवर नवऱ्याशी बोलून आली आणि तिने पेन मागितलं. मी तिला कागद दाखवले, तिने सह्या केल्या. मंत्री मोठ्या केंद्रात गेला.

केंद्र वाईट नाही. हे मी वाचणाऱ्याच्या समाधानासाठी म्हणत नाही, खरंच वाईट नाही. फरशी स्वच्छ असते, जेवण वेळेवर असतं, मारहाण नाही. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, आणि खिडक्या इतक्या उंच की त्यातून फक्त आभाळ दिसतं. हात दाखवायला समोर कुणी नाही.

फाइल बंद करण्याआधी एकदा भेट द्यावी लागते म्हणून मी एका दुपारी गेले. तो पलंगाच्या कडेला बसला होता. स्वच्छ कपडे, नीट बटणं, दुसऱ्या कुणीतरी लावलेली. दोन्ही हात मांड्यांखाली.

तिथल्या सेविका कौतुकाने सांगायला लागल्या. "ह्यांच्यासारखे सगळे असते ना, तर सोनं झालं असतं. काही म्हणून त्रास नाही. कशाला हात लावत नाहीत. आम्हीच भरवतो, आम्हीच आंघोळ घालतो. जन्मापासून असेच का हो?"

"नाही," मी म्हटलं.

मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. "काय मंत्री, ओळखलंत का?"

"घरबाई," तो म्हणाला. मला तो तेच म्हणायचा. घर देणारी बाई.

"हात का असे ठेवलेत? दुखतील."

"आईने सांगितलंय."

तेव्हा मला कळलं. दवाखान्यात पलंगाच्या पायाशी तो भेदरून बसला नव्हता. जेवताना, निजताना, आईला नेताना तो तेच करत होता जे त्याला सांगितलं होतं. मी सांगेपर्यंत. आणि सांगायच्या आत ती गेली होती.

"आई आता नाही सांगणार, राजा. आई गेली ना? मी सांगते. हात काढ."

"तू घरबाई," तो समजुतीने म्हणाला, मलाच काहीतरी कळत नसल्यासारखा. "आई आली की सांगेल."

मी सेविकांकडे हट्ट धरला. नियमात बसत नव्हतं, पण त्यांनी भांडारघरातली विजेची शेगडी आणली, पातेलं आणलं, साखर, पावडर, दूध, सगळं त्याच्या पलंगापुढच्या ट्रॉलीवर मांडलं. आजूबाजूचे दोघं-चौघं उठून बघायला आले. मंत्री त्या पातेल्याकडे बघत होता. जीभ थोडी बाहेर आली होती. मी म्हटलं, "मला चहा हवाय. फर्मास." तो बघत राहिला. हात जागचे हलले नाहीत. शेवटी मीच पाणी ठेवलं, साखर घातली, पावडर घातली, दूध ओतलं, त्याला बघवणार नाही इतकं वेडंवाकडं. त्याने एकदा "जास्त झाली" असं म्हटलं, पण हात नाहीच.

दूध वर यायला लागलं. काय करावं ते मला सुचेना आणि मग ते सुचलं. मी ट्रॉलीच्या कडेवर नखाने दोनदा टकटक केली.

त्याने झटकन मान वर केली. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागे, दाराकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. मांडीखालून उजवा हात निघाला. मला वाटलं, सुटला. आता हा उठेल, कप भरेल, खोलीभर सगळ्यांना हात दाखवेल. हात पुढे आला, शेगडीच्या बटणापाशी पोचला आणि त्याने ते फिरवलं. दूध खाली बसलं.

आईच्या सगळ्या खुणांपैकी मला तेवढीच येत होती.

तो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्याने हात पुन्हा मांडीखाली नेऊन नीट दाबून ठेवला.

"बंद केला," तो म्हणाला.